कापलेल्या नाकाच्या गावात

परवा आजीची दशक्रिया. घरातल्या ट्रंका, अल्बम, सगळ्यांचे मोबाइल पालथे घालून झाले, पण तिचा एकही धड फोटो सापडला नाही. मिळाले ते दोनच. एक आधार कार्डावरचा चेहरा आणि दुसरा कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो. त्यात ती अगदी कडेला उभी राहून कुणाला तरी ताट देतेय आणि नेमकी मान वळवल्यामुळे चेहरा हललाय. हे दोन्ही घेऊन तुम्ही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आतल्या गल्लीतल्या एका फोटो स्टुडिओत येऊन बसला आहात. संध्याकाळची वेळ. बाहेर जेहान सर्कलच्या दिशेनं गाड्या खोळंबल्यात, हॉर्न वाजतायत, आणि आत संगणकापुढं बसलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा अतिशय शांतपणे आजीचं मुंडकं कापतोय.

तो ते फार जपून कापतो. केसांच्या कडेनं एकेक ठिपका टाकत जातो, कानाच्या पाळीशी थांबतो, कुडीचा मोती सुटू नये म्हणून चित्र मोठं करून पाहतो, मग हनुवटीखालून गळ्यापाशी येतो. रेषा पुरी झाली की आधार कार्डावरची पांढरी भिंत नाहीशी होते आणि आजीचा चेहरा राखाडी चौकडीवर तरंगायला लागतो. मग तो एक फोल्डर उघडतो. नऊवारीतल्या, सहावारीतल्या, शालू नेसलेल्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या चाळीसेक बायका त्यात रांगेनं बसल्यात. एकीलाही डोकं नाही.

"आजी नऊवारी नेसायच्या ना?" तो विचारतो.

तुम्ही मान हलवता. तो एक हिरवी नऊवारी निवडतो, काठ जरा गडद करतो, आजीचा चेहरा त्या मोकळ्या गळ्यावर आणून ठेवतो आणि जोडावरून हलका ब्रश फिरवतो. आपल्या भाषेत 'धड' हा शब्द विलक्षण आहे. मुंडक्याखालचं शरीर तेही धड आणि जे नीट, शाबूत असतं तेही धड. पाच मिनिटांत आजीला धड मिळतं आणि फोटो धड होतो. भिंतीवर लावला तर येणारा-जाणारा म्हणेल, आजी छान आल्यात.

मग तुमची नजर खाली जाते. मांडीवर ठेवलेले हात गोरे आहेत. बोटं लांब, नखांना फिकट गुलाबी रंग. आजीच्या उजव्या अंगठ्याला विळीनं कापल्याची आडवी खूण होती. मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवट पडलेलं गोंदण होतं, त्यातली तुळस शेवटी शेवटी ओळखू येत नव्हती. जन्मभर भाकऱ्या थापून बोटांची टोकं चपटी झाली होती. हे हात कुणाचे आहेत?

"मागं घे," तुम्ही म्हणता.

मुलगा कंट्रोल आणि झेड दाबतो. आजीचा चेहरा त्या परक्या गळ्यावरून उठतो. पुन्हा दाबतो, धड जातं. पुन्हा दाबतो, आणि संगणकच जातो. त्याच्या जागी भिंग, कात्री आणि रिटचिंगची बारीक कुंचली ठेवलेलं टेबल येतं. पुढच्या खेपेला गल्लीही उरत नाही, आणि तुम्ही रस्त्यावर उभे असता.

गंगापूर रोड तुमच्या डोळ्यांदेखत एकेक थर उतरवायला लागतो. आधी फ्लेक्स जातात. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. एकाच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसवलेली वेगवेगळी डोकी आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. ही कला आपण रोज पाहतो आणि तिला नाव देत नाही. जगानं तिला फोटोमोंताज म्हटलं, तिच्यावर ग्रंथ लिहिले, तिच्यासाठी संग्रहालयात भिंती राखल्या. आपल्याकडं ती सिग्नलच्या खांबाला सुतळीनं बांधलेली असते. फ्लेक्स गेले की हातानं रंगवलेले फलक येतात आणि तेही जातात. लॉन्सचे मांडव, सर्कलचे दिवे, इमारतींचे मजले मिटत मिटत जमिनीला टेकतात. गंगापूरचं धरण अजून व्हायचंय. शहराकडं तोंड करून तुम्ही चालायला लागता तेव्हा दोन्हीकडं शेतं असतात आणि डावीकडं गोदावरी, जिला इथं सगळे गंगाच म्हणतात.

शहर जवळ येतं. अशोकस्तंभ अजून उभा राहायचाय. तिथून जवळच गोळे कॉलनीत एक लहानसा बंगला दिसतो, 'हिंद सिनेजन आश्रम'. हा १९४४ सालचा फेब्रुवारी आहे. भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात व्ही. शांतारामांनी शब्द टाकला, थोडी वर्गणी जमली, तिच्यात 'प्रभात' फिल्म कंपनीनं भर घातली आणि पाच हजार रुपये उभे राहिले. त्यांतून हे घर झालं. आत धुंडिराज गोविंद फाळके आहेत, वय ७३. इथून जेमतेम दहा कोसांवर, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले. १६ तारखेला ते जाणार आहेत. तुम्हाला हे ठाऊक आहे, म्हणून दार वाजवायला तुमचा हात उठत नाही. ज्यांनी या देशाला हलती चित्रं दिली, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर वर्गणीचं असावं, हे उंबऱ्याबाहेर उभं राहून सोसवत नाही. तुम्ही पुन्हा मागं जाता.

१९३७, मूळचाच बोलपट असलेला त्यांचा एकमेव चित्रपट, 'गंगावतरण'. १९३०, पलीकडं पंचवटीत काळारामाच्या दारापाशी मंदिरप्रवेशासाठी जमलेला माणसांचा समुद्र आणि काही शरीरांना आत येऊ न देणारं ते बंद दार. तिथं तुमचा पाय अडखळतो. आज पाहायचंय ते शरीर मात्र पडद्यावरचं आहे, म्हणून आणखी बारा वर्षं मागं.

दार ढकलता आणि १९१८ साल असतं. हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचं हे पहिलंच वर्ष. उघड्या आवारात वर पांढरं कापड ताणलंय, ऊन गाळून घेण्यासाठी. सूर्य आहे तोवर काम. चेहऱ्यांना सफेदा फासलेले देव आणि राक्षस सावलीला बसून घाम टिपतायत. 'श्रीकृष्णजन्म' चाललंय. कंसाचं काम करणारा नट डोळे विस्फारून समोर पाहतोय, कारण गोष्टीत त्याला आता चहूकडं बाळकृष्णच बाळकृष्ण दिसायचे आहेत. एवढ्यावर भागत नाही. त्याचं मुंडकं धडापासून सुटून वर जाणार आहे, आणि परत येणार आहे.

त्या काळी मुंडकं उडवायची रीत तुम्ही जवळून पाहून घ्या. लाकडी पेटीसारखा कॅमेरा, बाजूला हातानं फिरवायची मूठ. एका फेऱ्यात आठ चित्रं उमटतात. सेकंदाला दोन फेरे घालायचे, म्हणजे सोळा. आधी धड घ्यायचं, डोक्याची जागा काळी राखून. मग भिंगावर झाकण ठेवून फिल्म नेमकी तितकीच मागं न्यायची, फेरे मोजत. मग काळ्या मखमलीपुढं तोच नट उभा करायचा, अंगाला काळं कापड लपेटून, नुसता चेहरा उघडा. काळ्यावर फिल्म काही धरत नाही, म्हणून आधीच्या चित्राला धक्का लागत नाही आणि चेहरा तेवढा वर जाऊन बसतो. एक फेरा जरी मोजायचा चुकला तरी मुंडकं भलत्याच क्षणी भलतीकडं जाणार. आवारात कुणी बोलत नाही. तुमच्याही ओठांवर आकडे येतात. बावीस, तेवीस, चोवीस. स्टुडिओतल्या मुलाचा कंट्रोल झेड हा इथं हातानं फिरवायचा आहे.

कंसाचं हे स्वप्न मला जागतिक कलेच्या इतिहासात मानाच्या पानावर हवंय. पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतों अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहील तो १९२४ साली. माणसाचं शरीर स्वप्नात जसं सुटं होतं तसं चित्रात सुटं करायचं, मनाच्या तळाशी दडलेली भीती डोळ्यांना दाखवायची, हा त्या मंडळींचा ध्यास. नाशिकमध्ये सहा वर्षं आधी एका राजाच्या मनातलं मरणाचं भय अक्षरशः धडावेगळं होऊन हवेत तरंगतंय, आणि ते पाहायला देवळात जाणारी माणसं येतायत. फाळक्यांनी काही पॅरिसचं स्वप्न आधी पाहिलं नव्हतं. पण कात्री, भीती आणि शरीर यांची गाठ पडायला जाहीरनामा लागत नाही, एवढं मात्र या आवारात लख्ख दिसतं.

ही नजर त्यांच्याकडं आली कुठून? जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. मग गोध्र्याला फोटोचा धंदा. १९००च्या प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचं दुकान, तर लोक फोटो काढून घ्यायला भ्यायचे. कॅमेरा माणसाच्या अंगातलं सत्त्व ओढून घेतो असा समज. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही शिकले. जादूगार म्हणून घेतलेलं नाव, प्रोफेसर केळफा. फाळके हे तीन अक्षरी आडनाव उलट्या बाजूनं वाचून पाहा. त्यांनी आधी स्वतःचंच नाव कापून जोडलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा मला वाटतो तो छापखाना. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस होता, त्यासाठी फाळक्यांनी काम केलं. पुढं स्वतःचा छापखाना काढला, १९०९ साली यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. शिळाछापात लक्ष्मीचा गाल एका दगडावर नसतो. पिवळा एका दगडावर, तांबडा दुसऱ्यावर, सावलीचा करडा तिसऱ्यावर, असे कितीतरी दगड. प्रत्येकावर नुसते डाग आणि ठिपके, कुठंही देवी नाही. कागद एकेका दगडावरून जातो आणि शेवटच्या दगडानंतर अचानक त्वचा उजळते, ओठ ओले दिसतात. शरीर कसं सुटं करायचं आणि ठिपक्याला ठिपका भिडवून पुन्हा कसं उभं करायचं, हे ज्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, त्यांना कंसाचं डोकं जड गेलं नसणार.

आवाराच्या भिंतीवर असंच एक तांबूस पडलेलं शिळाछाप चित्र टांगलंय. त्याच्या काचेत तुमचा चेहरा देवाच्या चेहऱ्यावर येऊन बसतो. तुम्ही पुढं वाकता, आणि काचेपलीकडं वारा असतो, खारट, गार.

साल तेच, १९१८. गाव हायडेब्रिंक, बाल्टिक समुद्राकाठची मच्छीमारांची वस्ती. बर्लिनहून दोन चित्रकार सुट्टीला आलेत, हाना ह्योख आणि राउल हाउसमान. इथल्या घराघरांत भिंतीवर एकसारखं छापील चित्र आहे, बराकीपुढं रुबाबात उभा असलेला शिपाई. गणवेश, बंदूक, बूट सगळं छापील. चेहरा मात्र त्या त्या घरच्या माणसाचा, फोटोतून कापून वर चिकटवलेला. मुलगा लष्करात गेला की आईनं भिंतीवर हे लावायचं. फोटोमोंताजची कल्पना आम्हाला या चित्रांवरून सुचली, असं त्यांनी पुढं सांगितलं. म्हणजे ज्या कलेला आपण पंडितांची समजतो तिचं मूळ एका भिंतीवरच्या खिळ्यात आहे. आणि ज्या देशाची छपाईची यंत्रं आणायला फाळके गेले होते, तोच हा देश. तुम्हाला इथं आजीचा हिरव्या नऊवारीतला फोटो आठवल्याशिवाय राहत नाही. त्या चिकटवलेल्या चेहऱ्यांपैकी कितीतरी मुलं आता परत यायची नाहीत. परत आलेल्यांपैकी कुणाला पाय नाही, कुणाला जबडा. चार वर्षांच्या युद्धानं युरोपभर शरीरांची जी चिरफाड केली, ती पाहिल्यावर अखंड, सुबक देह रंगवायला या पिढीचा हात धजला नाही.

तिथून बर्लिनमध्ये, ह्योखच्या टेबलापाशी. पोटासाठी ती एका प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे, विणकामाचे नमुने काढून देते; मासिकांचे गठ्ठे तिच्या हाताशी असतात. तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र 'दादा' या बंडखोर कलाचळवळीच्या १९२०च्या जत्रेत लागलं. त्याच्या लांबलचक नावाची सुरुवातच स्वयंपाकघरातल्या सुरीपासून होते. सेनापती हिंडेनबुर्गचं डोकं तिनं एका नर्तकीच्या धडावर बसवलंय. केटे कोलविट्झ या थोर चित्रकर्तीचं डोकं नाचणाऱ्या तरुण देहावर तरंगतंय. आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, युरोपात कुठं कुठं बायकांना मताचा हक्क मिळालाय ते दाखवणाऱ्या नकाशाच्या तुकड्यावर, तिनं स्वतःचा चिमुकला चेहरा चिकटवलाय. तिकडं बोट नेऊन पाहा. नखाएवढा आहे. सुरी कुणाच्या हातात होती, ते तिनं लिहून ठेवलंय.

मला या बाईचा फार आदर वाटतो, आणि तो तिच्या पुरुष समकालीनांकडं पाहिलं की वाढतो. १९२४ साली मान रेनं मोंपार्नासच्या किकीच्या उघड्या पाठीवर सारंगीसारख्या वाद्याच्या दोन भेगा उमटवल्या. सुंदर आहे ते, नाकारता येत नाही. पण किकीचे हात त्यात दिसत नाहीत. ते पुढं घेतलेले आहेत, पाठीमागून पाहणाऱ्याला बाईला हातच नाहीत. वाद्य वाजवणारा कुणी दुसराच असणार, हे चित्रात गृहीत आहे. हान्स बेलमरनं तर बाहुलीचे अवयव उलटेसुलटे जोडून फोटो काढले, मला ते पाहवत नाहीत. त्यानंतर फार वर्षांनी ब्वेनोस आयरिसमध्ये ग्रेटे स्टर्न हिनं बायकांच्या एका मासिकासाठी, वाचक बायकांनी लिहून कळवलेल्या स्वप्नांवरून असे सव्वाशेहून जास्त फोटोमोंताज केले. त्यात एक बाई टेबलावरच्या दिव्याचा खांब होऊन बसलीय आणि पुरुषाचा भलामोठा हात बटण दाबायला आलाय. कात्री तीच. स्वप्न मात्र जिचं होतं तिला विचारून कापलेलं.

ह्योखच्याच १९३०च्या एका चित्राचं नाव आहे 'भारतीय नर्तकी'. नाव वाचून तुम्ही ओळखीचं काही शोधायला लागता. चेहरा अर्धा एका फ्रेंच नटीचा, अर्धा आफ्रिकेतल्या लाकडी मुखवट्याचा, डोक्यावर चमचे आणि सुऱ्यांच्या आकृत्या कापून केलेला मुकुट. भारतीय असं त्यात काहीच नाही. जरा लागतं हे. पण मग आपल्या पडद्यावरची पहिली तारामती आठवा.

म्हणजे पुन्हा आपल्याकडं, १९१२ च्या मुंबईत. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात महिना दहा रुपयांवर काम करणारा आचारी, अण्णा साळुंके. तारामती करायला बाई मिळेना. जाहिराती झाल्या, नायकिणींच्या वस्तीत विचारून झालं. फाळक्यांची नजर या आचाऱ्याच्या नाजूक बोटांवर आणि चेहरेपट्टीवर गेली. पगार पंधरा रुपये ठरला. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती आणि तिच्या सख्या हौदात जलक्रीडा करतात. ओल्या लुगड्यांतल्या त्या सगळ्या 'बायका' पुरुष आहेत. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर अण्णा साळुंकेच राम आणि तेच सीता. एकाच देहात नवरा आणि बायको, विरह भोगणारे दोघंही. लोक राम पडद्यावर आला की पायातल्या चपला काढायचे. युरोपातल्या कुठल्याही चित्रकारानं इतका धीट मोंताज केला नसेल, आणि इथं कात्रीसुद्धा लागली नव्हती. मधल्या काळात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी स्वतःचा देह घेऊन पडद्यावर पाऊल ठेवलं. ते किती मोठं पाऊल होतं, ते हौदातल्या पुरुषांकडं पाहिल्यावर कळतं.

आणि तुम्ही ज्या गावातून आलात त्या गावाचं नाव काय? परत येताना गोदेच्या काठी जरा थांबा. पलीकडं पंचवटी. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक इथं कापलं, म्हणून नासिक, असं आपण कडेवर असल्यापासून ऐकलंय. जगात दुसरं एखादं शहर कापलेल्या अवयवाच्या नावानं ओळखलं जात असेल तर मला माहीत नाही. दहा तोंडांचा रावण, हत्तीच्या मस्तकाचा गणपती, अर्धा सिंह अर्धा माणूस झालेला नरसिंह, ही सगळी जोडलेली शरीरं आपण देव-दानव म्हणून घरात आणली. शूर्पणखेला मात्र पुन्हा जोडून द्यायला कुणी आलं नाही. तिचं नाक गावाला मिळालं.

काळोख पडलाय. शेवटचं एक दार राहिलंय. मुंबई, दादर, १९१२. स्वयंपाकघराच्या खिडक्या कापड लावून बंद केल्यात. आत सरस्वतीबाई फाळके. आधीचं त्यांचं नाव गिरिजा, माहेरच्या करंदीकर. दिवसभर कॅमेऱ्यासमोर पांढऱ्या चादरी धरून उन्हाची तिरीप नटांच्या तोंडावर पाडली, कंपनीच्या माणसांचं जेवणखाण बघितलं, पोरं झोपवली. दागिने आधीच गहाण पडलेत. आता रात्री त्या कोऱ्या फिल्मला भोकं पाडतायत. फिल्म भोकांशिवायच येते. कडेची भोकं हातानं चालवायच्या यंत्रावर अंधारात पाडून घ्यावी लागतात, तीच जर वाकडी पडली तर पडद्यावर राजा-राणी थरथर कापणार. दर चित्राला प्रत्येक बाजूला चार भोकं. एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे दोन्ही कडा मिळून एकशे अठ्ठावीस. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सदतीसशे फूट. तुम्ही मनात गुणाकार करता, तो पावणेपाच लाखांच्या जवळ जातो, आणि हा फक्त एका प्रतीचा. डोळ्यांना दिसत काहीच नाही. यंत्राची खटखट, बांगड्यांची किणकिण, आणि अंधारात कडेवरून फिरणारं एक बोट, भोक सरळ पडलंय का ते चाचपणारं.

तुम्ही तिथं बराच वेळ उभे राहता. ह्योखनं नखाएवढा का होईना, स्वतःचा चेहरा चिकटवला. या बोटाची खूण पडद्यावर उमटणार नाही. ते बोट नीट चाललं म्हणूनच उमटणार नाही.

निघताना १९१९ मध्ये एक क्षण डोकवा. 'कालियामर्दन'. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात वर्षं. पण फाळके तिला एकदम कृष्ण म्हणून आणत नाहीत. आधी ती मुलगी म्हणूनच येते, घरातल्या मुलीसारखी. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती एकेक भाव करून दाखवते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू मुकुट उगवतो, मोरपीस येतं, आणि कृष्ण होतो. जादूगारानं सुरुवातीलाच पेटी उघडून दाखवली. ही माझी पोर आहे, बघून घ्या, हिच्यातूनच आता देव करणार आहे. एवढं सांगूनही लोकांनी हात जोडले. जोड दिसली म्हणून श्रद्धा उसवली नाही. त्या चित्रपटाचा बराचसा भाग वाचलाय, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं तो जपलाय, आणि त्यातला मंदाकिनीचा चेहरा शंभरावर वर्षांनीही इतका जिवंत आहे की आपणच आधी पापणी लववतो.

हॉर्न ऐकू येतो. गाड्यांचे दिवे काचेवरून सरकतात. गल्ली, टेबल, संगणक आपापल्या जागी परततात. पडद्यावर राखाडी चौकडीवर आजीचा चेहरा तरंगतोय आणि मुलाचं बोट अजून झेडवर आहे.

"दुसरी साडी बघू का?" तो विचारतो.

तुम्ही लग्नातला तो घोळक्याचा फोटो त्याच्यापुढं सरकवता. चेहरा हललेला आहे, पण ताट धरलेले दोन्ही हात स्वच्छ आलेत. अंगठा, अंगठ्यावरची आडवी खूण, मनगटापाशी हिरवट डाग. तो फोटो दिव्याखाली धरून बघतो.

"हे हात घे," तुम्ही सांगता.

"यात ताटपण येईल. आणि रंग जुळणार नाही, हात काळे दिसतील. साइझपण मोठा वाटेल."

"ताट राहू दे."

तो क्षणभर तुमच्याकडं पाहतो, मग खुर्ची पुढं ओढतो. फोटो स्कॅनरवर पालथा पडतो, हिरवा उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. पडद्यावर आजीचे हात येतात. मुलगा चित्र मोठं करतो, आणखी मोठं, आणि अंगठ्याच्या कडेवर पहिला ठिपका टाकतो.